पालथी बाग

बाबांची चित्रं कुठे कुठे गेली आणि कोणाकोणाच्या भिंतीवर लागली, पण त्यांची पाठ आमच्या आक्काएवढी कोणी पाहिली नसेल. म्हणजे काय, ते आधी सांगते, नाहीतर मी कोड्यात बोलतेय असं वाटेल.

आमच्या घरात लघुचित्रं होतात. तळहाताएवढी, फार तर वहीच्या पानाएवढी. त्यासाठीचा कागदही घरीच होतो. पातळ कागद खळीने एकावर एक चिकटवायचे, वाळवायचे. त्यावर पांढऱ्याचा हात, मग रेघ, मग रंग. रंगाचा एक थर वाळला की चित्र संगमरवरी पाटावर पालथं घालायचं आणि पाठीकडून गुळगुळीत दगडाने घोटायचं. घोटलं की रंग कागदात बसतो आणि त्याला झिलई येते. मग सुलटं करून दुसरा थर, पुन्हा पालथं, पुन्हा घोट. एका चित्राच्या नशिबी असं किती वेळा पालथं पडणं असतं ते त्या चित्रालाच ठाऊक. घोटणं हे दिसायला हमाली काम, पण हात जरा जड पडला की कागदाला सुरकुती येते आणि सगळी मेहनत मातीमोल होते.

हे घोटायचं काम आक्काचं. आक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण, माझी आत्या. सगळं घर तिला आक्काच म्हणतं, मीही. लग्न तिने केलं नाही. कोणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "मला घोटायला दगड आहे, नवरा कशाला हवा?" विचारणारा पुन्हा त्या वाटेला जात नसे.

आजोबांनी कामं वाटून दिली होती. काका चेहरे काढायचे, बाबा झाडं-फुलं, आक्का घोटायची. नाव अर्थात चेहरेवाल्याचं व्हायचं. काका गेल्यावर चेहरे थांबले आणि बाबा नुसत्या बागा काढू लागले, माणसांशिवायच्या. त्या लोकांना जास्त आवडल्या, हे ऐकून काकांना काय वाटलं असतं कोण जाणे. मी चित्रकार नाही. पुढच्या खोलीत माझं चौकटींचं दुकान आहे. मी काच कापते, पुठ्ठा कापते, आणि बोलतेही तशीच, असं बाबांचं मत आहे.

आजोबांचा एक नियम होता: अर्धं चित्र कोणाला दाखवायचं नाही. चित्रकार जागेवरून उठला की चित्रावर मलमल पडलीच पाहिजे. घोटायच्या वेळी बाबा स्वतः चित्रावर पातळ कागद ठेवून ते, उजवी बाजू उजवीकडेच राहील असं, पाटावर पालथं घालायचे आणि बाजूला व्हायचे. आक्का घोटायची आणि हाक मारायची, "झालं रे." मग बाबाच येऊन उचलायचे. आपण तासभर ज्याच्या पाठीवर हात फिरवला ते काय होतं, हे आक्काला कळायचं ते माझ्या दुकानात, चित्र काचेमागे बसल्यावर. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं तर तेही नाही. आजोबा जाऊन जमाना झाला, पण नियम आपला घरात जावयासारखा मानाने बसलेला.

मागच्या दारी आक्काची बाग आहे. बाग म्हणजे काय, एवढीशी जागा; पण तिच्यात जास्वंद आहे, लिंबू आहे, कण्हेर आहे, गुलाब, जाई, आणि उजव्या कोपऱ्यात भिंतीला धरून डाळिंब. बाबांचे टवके उडालेले रंगाचे वाडगेही तिने कुंड्या करून टाकले. बाबा त्या बागेत फारसे जायचे नाहीत. त्यांना लागायची ती फुलं आजोबांच्या खाक्यांत होती. खाका म्हणजे रेघेवर सुईने भोकं पाडलेला जुना कागद. तो ठेवायचा, वर कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची, की खाली ठिपक्यांचं फूल उमटतं. त्याच फुलांवर आमच्या पिढ्या जगल्या. आणि आमच्या चित्रांत ऋतू नसतो. आंबा मोहरलेला, शेजारी शेवंती भरात, कमळं उमललेली, सगळं एकदम. आक्का बाबांना चिडवायची, "तुझा माळी जादूगार दिसतोय. त्याला माझ्याकडे पाठव."

पहिल्यांदा लक्षात आलं ते माझ्या. एक चित्र चौकटीला घेतलं, तर उजव्या कडेला झिलई कमी. मी बाबांना दाखवलं. ते म्हणाले, कागद दमट असेल. पुढच्या चित्रालाही तेच. मग एक दिवस आक्का दाराच्या चौकटीला खांदा आपटून चहा सांडती झाली आणि दारालाच बोलली. पुन्हा आपटली तेव्हा मी तिला धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. बाबाही आले.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, तोही बराच पुढे गेलेला. ह्यात कडा आधी जातात, म्हणाले. माणसाला समोरचं दिसत राहतं, म्हणून कळत नाही. गेलेलं परत येत नाही; थेंब घाला, उरलेलं टिकेल तेवढं टिकवू. किती टिकेल, असं बाबांनी विचारलं. डॉक्टरांनी हात पसरले, आणि तेवढ्यात आम्हाला जे समजायचं ते समजलं.

परत येताना आक्का रिक्षात मध्ये बसली होती. मग ती बाबांकडे वळली.

"बाळू, माझी बाग काढ. जन्मभर तुझ्या बागा पालथ्याच पाहिल्या. माझी एकदा सुलटी बघायची आहे. दिसतंय तोवर."

बाबांचे डोळे भरून आले. त्यांनी तिचा हात धरला आणि काढतो म्हणाले. ते मनापासून म्हणाले होते, हे मी कोणासमोरही सांगेन. म्हणूनच तर पुढचं जास्त लागतं. मन नसतं तर चित्र लवकर झालं असतं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी नवा कागद घेतला. मला वाटलं, खाके काढतील, भुकटी आपटतील, आणि बघता बघता आक्काच्या हातात चित्र देतील. पण बाबा खाक्यांच्या पेटीला शिवलेच नाहीत. लोकांच्या बागा मी खोट्या काढल्या, म्हणाले, आक्काची खरी काढणार. जास्वंद फुलेल तेव्हा जास्वंद समोर ठेवून, कण्हेर फुलेल तेव्हा कण्हेर. पानन् पान जसं आहे तसं.

मी म्हटलं, वर्ष जाईल. आक्कानेही हटकलं. "अरे, तुमच्या चित्रात सगळं एकदम फुलतं ना? मग माझ्याच बागेला मुहूर्त कशाला?" बाबा हसले. ते हसणं मला अजून आठवतं; त्यात प्रेम होतं आणि थोडी ऐटही होती. आयुष्यात पहिल्यांदा ते आपल्या डोळ्यांनी झाड बघत होते, आणि त्याची त्यांना चटक लागली होती.

चटक म्हणजे काय, वेडच. आमच्याकडे झाड काढतात ते आधी गडद हिरव्याचा एक डाग घालून. मग त्या अंधारावर एकेक पान, थोडं उजळ. त्याच्यावर आणखी उजळ. आणि शेंड्याकडे कोवळं पिवळट. एका केसाच्या कुंचल्याने. लिंबाच्या एका फांदीवर त्यांनी इतका वेळ घालवला की तेवढ्यात खरी फांदी वाढून दुसरीकडे वळली. तर फांदी धुऊन काढली आणि नवी घातली. मी ओरडले. अति तिथं माती, बाबा, म्हटलं. ते म्हणाले, तू काच काप.

आक्का मात्र थर वाळला की यायची, पाटापाशी बसायची आणि घोटायची. आपलीच बाग, पालथी. उजव्या कडेला हात कमी पडतो हे तिला आता माहीत होतं, म्हणून डाव्या हाताचं बोट कडेवर ठेवून ती दगड तिथवर न्यायची. तिचं घोटणं उलट सुधारलं होतं. बाबा पलीकडच्या खोलीत जाऊन थांबायचे, हाकेची वाट बघत. मला कितीदा वाटलं, ही पठ्ठी आता कागदाचा कोपरा उचलून बघणार. बघायला कोण अडवत होतं?

एकदा तिने सरळ विचारलं. सकाळची वेळ होती, मागचं दार उघडं होतं आणि बाबांच्या बैठकीवर चांगला उजेड येत होता. ती हाताने भिंत चाचपत आली आणि त्यांच्याजवळ बसली. तिची नजर आता नळीतून बघितल्यासारखी झाली होती. समोरचं तेवढं वाटोळं दिसायचं.

"बाळू, जेवढं झालंय तेवढं दाखव ना."

मी दारात उभी होते. बाबांचा हात मलमलीवर गेला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी तिचं टोक चिमटीत धरलंही. आणि मग हात तिथेच राहिला.

"थोडं थांब, आक्का. फक्त डाळिंब राहिलंय. अर्धं काय बघायचं?"

आक्का हसली. "शोभतोस आपल्या बाबांचा मुलगा," म्हणाली, आणि तशीच भिंत धरून मागे बागेत गेली.

मी बाबांना त्यानंतर नको ते बोलले. नियम काय चुलीत घालायचा आहे, म्हटलं. ते म्हणाले, नियमाचं नाही गं. उजव्या कोपऱ्यात पांढरा तुकडा तसाच आहे. तिने बघितलं आणि तिला बागेत भोक दिसलं तर? एकदाच बघणार आहे ती. मग पुरं बघू दे. मी म्हटलं, मग आजोबांच्या खाक्यातलं डाळिंब टाका आणि मोकळे व्हा, तिला काय कळणार आहे.

"ते बाबांचं डाळिंब आहे," ते म्हणाले. "आक्काचं नाही."

माणूस चुकीचा असतो आणि त्याचं वाक्य बरोबर असतं, तेव्हा फार चीड येते.

तर आम्ही डाळिंब फुलण्याची वाट बघत होतो. दरवर्षी ते न चुकता फुलायचं. आता त्याचे दिवस आले, कण्हेरीला दुसरा बहर येऊन गेला, तरी डाळिंबाला कळी नाही. बाबा रोज सकाळी जाऊन शेंडे बघून यायचे. फांदीचं टोक न् टोक निरखायचे, डोळ्यांवर चष्मा चढवून. आक्का विचारायची, "आली का रे?" ते म्हणायचे, येईल. तीही म्हणायची, येईल की, कुठे जातेय.

एके दिवशी मी काचेचे तुकडे टाकायला त्या कोपऱ्याकडे गेले आणि पायाखाली जमीन तडकली. खाली बघितलं तर डाळिंबाच्या बुंध्याशी माती विटेसारखी कडक, भेगा पडलेली. खालची पानं पिवळी होऊन गळत होती. बाकी सगळी बाग ओली. मी झारी हातात घेतलेल्या आक्काकडे बघत राहिले. ती दारापासून सरळ पुढे गेली, समोर दिसेल त्याला पाणी घातलं, लिंबापाशी वळली आणि परत आली. उजवा कोपरा तिच्यासाठी उरलाच नव्हता. डाळिंब तिथे आहे हे तिला माहीत होतं, आपण रोज पाणी घालतो असंही तिला वाटत होतं.

मी बाबांना हाताला धरून आणलं आणि खाली बघा म्हटलं. ते कितीतरी वेळ त्या भेगांकडे बघत राहिले. रोज येत होते इथे. पानाची शीर चुकू नये म्हणून नाक लावून बघत होते. पण झाडाला तहान लागली आहे हे त्यांना दिसलं नाही, कारण ते काढायचं नव्हतं.

आक्काला आम्ही सांगितलं नाही. बाबा स्वतः पाणी घालू लागले, माती उकरू लागले. आणि झाडं माणसांसारखी आकस धरत नाहीत. डाळिंबाने थोड्या दिवसांनी पालवी धरली, मग कळ्या, आणि एका सकाळी लाल फुलं. बाबा तिथेच पाट टाकून बसले. जेवायलाही मला त्यांना हात धरून उठवावं लागायचं. भराभर काम करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, तेव्हा पाहिलं. दोन फुलं, एक मिटलेली कळी, भिंतीवर टेकलेली फांदी.

तोवर आक्काने चहाचा कप समोर असूनही चाचपून घ्यायला सुरुवात केली होती. मी थेंब घालताना ती विचारायची, "आज ढग आहेत का गं?" आकाश निरभ्र असायचं. मी म्हणायचे, हो, आहेत थोडे.

शेवटचा घोट तिनेच दिला. बाबांनी चित्र पालथं घातलं, ती बसली, दगड हातात घेतला आणि कडेला बोट लावून सावकाश, कुठेही न चुकता, सगळी पाठ घोटून काढली. मग म्हणाली, "झालं रे." बाबांनी चित्र उचललं, वरचा कागद काढला, तिला मागच्या दारापाशी उन्हात खुर्चीवर बसवलं आणि चित्र तिच्या मांडीवर ठेवलं. सुलटं.

पुरं चित्र मीही तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. बाबांवर माझा इतका राग होता, तरी सांगते, तसं चित्र त्यांच्या हातून आधी झालं नव्हतं आणि पुढेही होणार नाही. आमचीच एवढीशी जागा, पण प्रत्येक झाड आपापल्या स्वभावासकट. जास्वंदीचा मुजोरपणा, जाईचं इकडेतिकडे लोंबकळणं, टवके उडालेल्या वाडग्यातला गुलाब. आणि सगळं एकदम फुललेलं. एवढं सगळं करून शेवटी बाबा आमच्या जुन्या रीतीवरच आले होते.

आक्काने मान डावीकडे केली, उजवीकडे केली. चित्र जवळ आणलं, लांब धरलं.

"उजेड कळतोय," ती म्हणाली. "हिरवं असावं."

मग तिने कागद मांडीवर ठेवला आणि त्यावरून बोटांची मागची बाजू फिरवली, ती घोट तपासायची तशी. झिलई छान आलीये म्हणाली. उजव्या कडेलासुद्धा आलीये. आपल्या कामावर ती खूश दिसली.

बाबा तिच्यासमोर खाली बसले. पासष्टीचा माणूस, पण आवाज पोरासारखा झाला होता.

"आक्का, घोटताना कधीतरी उलटून पाहिलंस ना? खरं सांग. मी रागावणार नाही."

मी मनात म्हणत होते, हो म्हण. वसुलीवाल्याला आजवर किती वेळा सांगितलंस, भाऊ घरात नाही म्हणून. तशीच आज एक थाप मार. तुझं काय जातंय? त्याला आयुष्यभर पुरेल ती.

"नाही रे," आक्का म्हणाली. "वाटायचं कधी कधी. एकदा कोपरा उचललाही होता. पण म्हटलं, तू एवढा जीव लावून काढतोयस, तर पुरंच बघू. मलाही वाटलं, आहे की वेळ." मग तिने विचारलं, "डाळिंब कुठे काढलंस?"

बाबांनी तिचं बोट धरलं आणि उजव्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. "इथे."

फांदी, फुलं, कळी, मागची भिंत, सगळं तिच्या बोटाखाली झाकून गेलं. आक्काने बोट किंचित डावीकडे सरकवून पाहिलं, किंचित वर. झाड कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते तिला शोधायचं होतं.

"एवढंसंच होय?"

बाबांनी मान हलवली. ती तिला दिसणार नव्हती, म्हणून मग तोंडाने म्हणाले, "हो, आक्का. एवढंसंच."